डोईमागे अकरा डॉलर

लोकांना त्यांचं बालपण परत द्यायचं होतं
आणि बजेट होतं डोईमागे अकरा डॉलर.
त्यात सॉसेज धरलेलं नव्हतं.

हॅल्व्हर्सन पंप कंपनीत तेव्हा मी
'आपुलकी' नावाच्या खात्यात होते.
खात्यात एकटीच.
फेब्रुवारीत, खिडकीबाहेर तळं काठापासून गोठत गेलेलं,
आणि मी कॅटलॉगातून उन्हाळा मागवत होते:
लाकडी यो-यो सहाशे,
एका अंगाला कंपनीचं नाव, दुसऱ्या अंगाला फोन नंबर.
टोप्या चारशे, आधीच विटवलेल्या.
जुनं दिसण्याचे पैसे वेगळे पडतात.

साल कुठलं घ्यायचं, मी विचारलं.
अठ्ठ्याहत्तर घे, साहेब म्हणाले, सगळ्यांना आवडतं.
साहेबांचा जन्म ब्याऐंशीचा.

तर जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी
मॅनिटोवॉकच्या आमच्या पार्किंगमध्ये
भाड्याच्या ट्रकातून अठ्ठ्याहत्तर साल उतरलं.
हवा भरून फुगवलेला सिनेमाचा पडदा,
घंटा वाजवणारी आइस्क्रीमची गाडी,
आणि लिंबू सरबताचं टपरीवजा खोकं.
पाटीवर 'फक्त पाच सेंट',
घेताना मात्र ईमेल द्यायचा.
कामगार आले, त्यांची पोरं आली,
गिऱ्हाइकं आली, दूधवाले, विहिरीवाले,
दोन्ही हातांत जेवढं मावेल तेवढं फुकटचं घेऊन
सावली शोधत हिंडू लागले.

व्हर्लिन झास्ट्रो आला. ओतकामातून निवृत्त,
डाव्या हाताचं एक बोट कंपनीतच राहिलेलं.
पाटीवरचं साल त्यानं दोनदा वाचलं.
"त्या उन्हाळ्यात आम्ही फाटकाबाहेर होतो," म्हणाला,
"नऊ आठवडे. तू उभी आहेस ना, तिथंच पिंप होतं बर्फाचं."
मी पायांखाली पाहिलं.
डांबरावर आमचाच निळा बाण रंगवलेला,
सरबताकडे जाणारा.

एका दूधवाल्याची नात, मारिट नाव तिचं,
यो-यो खाली सोडत होती आणि तो
मेल्या उंदरासारखा लटकत होता.
व्हर्लिननं तिला सरळ उभं केलं,
दोरी जमिनीपासून तिच्या बेंबीपर्यंत मोजली,
खिशातला चाकू काढून उरलेली कापली,
बोटाला फासा घातला.
"आता टाक. घाबरू नकोस, तो जाणार कुठं?"
तिसऱ्यांदा तो खाली जाऊन तिथंच गरगरत राहिला,
झोपल्यासारखा,
आणि कंपनीचं नाव, नंबर, सगळं वितळून
नुसतं निळं कडं उरलं.

फोटोवाला धावत आला.
नाव दिसेल असं धर ना बाळ, जरा थांबव.
"थांबवला की पडतो," व्हर्लिन म्हणाला.
फोटो आला तो बुटांचा.

मग माझ्याकडे वळून:
"तू लॅम्बर्ट दुफेकची ना?"
हो म्हणाले.
माझे वडील हिशेबखात्यात. त्या नऊ आठवड्यांत
ते रोज डबा घेऊन त्याच फाटकातून आत जायचे,
मान खाली घालून, या लोकांच्या मधून.
मला सातवं संपत होतं.
वाढदिवसाचा केक आम्ही तिघांनीच खाल्ला,
चौथ्या दिवसापर्यंत.
हे मी कॅटलॉगात शोधलं नव्हतं.

व्हर्लिन काही बोलला नाही.
माझ्या गळ्यात अडकवलेल्या पिशवीतला एक यो-यो घेतला,
दोरी माझ्या बुटांपासून वर धरली,
चष्मा वर करून नीट पाहिलं,
आणि कापली.

अहवाल मी सोमवारी दिला:
ईमेल चारशे बारा,
समाधानी सत्त्याऐंशी टक्के,
यो-यो शिल्लक एकशे एकोणनव्वद.
खरं तर एकशे नव्वद उरायचे होते.

पुढे कंपनी कुणी तरी घेतली, आपुलकी खातं मिटलं.
तो नंबर मी एकदा लावून पाहिला,
कुठल्याशा दातांच्या दवाखान्यात वाजला.
"बोला," बाई म्हणाली,
आणि एका हातानं मी टाकत होते,
ओढत होते,
बोलायचं राहूनच गेलं.